बुलेटच्या दिव्यातून हरवलेला व्होल्ट

जुन्या ६ व्होल्टच्या बुलेटचा हेडलाइट पिवळट, मलूल पडला की पहिला आळ येतो तो बॅटरीवर. बॅटरी बदलली, बल्ब बदलला, तरी उजेड तेवढाच! खरा दोषी पुष्कळदा चेसीवर आवळलेल्या एका साध्या बोल्टखाली दडलेला असतो. दिव्याकडे वीज तारेतून जाते, पण बॅटरीकडे परतते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. अख्खी चेसी हीच परतीची तार, म्हणजेच अर्थ. तिच्या सांध्यात गंज शिरला की त्याची किंमत दिवा मोजतो.

ही किंमत किती, हे पाहिलं की मी दर वेळी थक्क होतो. ३० वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर ५ अँपिअर करंट लागतो. गंजलेल्या सांध्याचा अडथळा फक्त ०.२ ओहम धरा. तेवढ्यावर जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. बल्बला मिळतात जेमतेम ५.१ व्होल्ट. घट १५ टक्क्यांची, पण उजेड मात्र सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो! तापलेल्या तंतूचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून थोडासा व्होल्ट गेला तरी उजेड धडाधड घसरतो. हाच सांधा १२ व्होल्टच्या गाडीत असता तर त्याच वॅटच्या बल्बला निम्माच करंट लागला असता आणि उजेडातली घट १५ टक्क्यांच्या आत राहिली असती. ६ व्होल्टच्या गाड्या अर्थिंगच्या बाबतीत इतक्या हळव्या का, याचं उत्तर या गणितात आहे.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. बल्ब काढून होल्डरला मीटर लावा. मीटर पूर्ण ६ व्होल्ट दाखवतो! कारण करंट वाहत नसेल तर अडथळ्यावर व्होल्ट खर्चच होत नाही. वीज थांबली की दोष अदृश्य, वाहू लागली की पुन्हा हजर. म्हणून जुन्या गाडीचं वायरिंग तपासायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरी होल्डरच्या अंगावर ठेवा. इथे आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. ०.८ किंवा ०.९ दिसलं, तर हरवलेला व्होल्ट सापडला. मग दुसरी पिन सांध्यासांध्याने बॅटरीकडे सरकवत यायची. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्याच्या अलीकडचाच सांधा सोडवायचा. (ब्रिटनच्या कितीतरी जुन्या गाड्यांत अर्थ पॉझिटिव्हला असतो. हात लावण्याआधी ते पाहून घ्यावं.)

इग्निशनची गोष्ट तर याहूनही विलक्षण. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, की चुंबकीय क्षेत्र बदललं की शेजारच्या तारेत वीज उपजते. इग्निशन कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये असं क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की ते कोसळतं आणि ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॉइलमधून हजारो व्होल्ट निघून प्लगवर ठिणगी पडते. ३,००० आरपीएमला हे सेकंदाला २५ वेळा घडतं. पॉइंटमधली फट मात्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी!

क्षेत्र झटकन कोसळायला हवं, आणि ते काम कंडेन्सरचं. पॉइंट उघडताना उसळणारा करंट तो स्वतःत घेतो. तो बिघडला की करंट पॉइंटच्या फटीतूनच उडी मारतो, तिथे झगझगीत ठिणग्या दिसतात, पॉइंट काळे पडतात आणि प्लगवरची ठिणगी दुबळी होते. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की मुकाट्याने चालू होते, तेव्हा कॉइल आणि कंडेन्सर या दोघांवर आधी संशय घ्यावा.

बुलेटच्या हेडलाइटवरचा अँपमीटर ही तर तयार प्रयोगशाळाच. चावी देऊन किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलला, तर बॅटरी, स्विच, कॉइलचं प्रायमरी आणि पॉइंट एवढी साखळी जोडलेली आहे. मध्यावरच खिळून राहिला, तर ती कुठेतरी तुटली आहे किंवा पॉइंट मिटतच नाहीत. डिस्चार्जकडेच अडकून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तिथे शॉर्ट आहे. एकही हत्यार न उचलता एवढं कळतं!

हौसेने रिस्टोअर करून आणलेल्या गाड्यांत एक दोष हटकून दिसतो. चेसीवर पावडर कोटिंगचा जाड, देखणा थर चढतो. हा थर वीज जाऊ देत नाही, आणि अर्थच्या तारेच्या टोकाची थिंबल नेमकी त्यावरच आवळलेली असते. नवी बॅटरी घेण्याआधी तो बोल्ट सोडवा, थिंबलखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करा, बोल्ट घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा आणि दिवा चालू ठेवून पुन्हा एकदा मीटर धरा.