स्तनाच्या कर्करोगानंतरची रक्तशर्करा व शरीराचे वजन

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या अनेक स्त्रियांमध्ये रक्तातील साखर किंवा वजन, अथवा दोन्ही वाढलेले आढळतात. याचे कारण केवळ आहार नसतो. कर्करोगावरील उपचारांचाही त्यात वाटा असतो.

कारणे

केमोथेरपीत उलट्या टाळण्यासाठी, तसेच पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची तीव्र ॲलर्जी रोखण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. त्यामुळे यकृतातून अधिक ग्लुकोज रक्तात येते व इन्सुलिनचा प्रभाव घटतो. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. परंतु सुप्त मधुमेह तिच्यामुळे उघडकीस येऊ शकतो.

केमोथेरपीने तरुण स्त्रियांची मासिक पाळी अकाली बंद होऊ शकते, तर थकव्यामुळे हालचाल मंदावते. परिणामी मेद वाढतो आणि स्नायू घटतात. अशा वेळी वजनाचा आकडा फारसा बदलत नसल्यास हा बदल लक्षात येत नाही; म्हणून कंबरेचा घेरही मोजणे उपयुक्त ठरते.

वजनाचे महत्त्व

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यत्वे मेदपेशीजालात, अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने तयार होते. लठ्ठपणाचा संबंध कर्करोग उलटण्याच्या व हाताला लसीकाजन्य सूज येण्याच्या वाढीव धोक्याशी आढळला आहे. आशियाई लोकांमध्ये मधुमेहाचा धोका तुलनेने कमी वजनावरच वाढत असल्याने त्यांच्यासाठी शरीर वस्तुमान निर्देशांक २३ पासूनच दक्षता सुचविली जाते.

निदान

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिग्रॅ/डेलि किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५% किंवा अधिक असल्यास मधुमेह मानला जातो. लक्षणे नसल्यास चाचणीची पुन्हा खात्री केली जाते. रक्तक्षय असल्यास किंवा नुकतेच रक्त चढवले असल्यास एचबीए१सी दिशाभूल करू शकते. तेव्हा ग्लुकोजची प्रत्यक्ष तपासणी अधिक विश्वसनीय ठरते.

व्यवस्थापन

नियमित चालणे, स्नायूंना बळ देणारे व्यायाम व संतुलित आहार हा व्यवस्थापनाचा पाया आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची शिफारस केली जाते. मेटफॉर्मिन मधुमेहावर उपयुक्त आहे. मात्र मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवरील एमए.३२ या चाचणीत (२०२२) त्याने कर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी झाले नाही. टॅमॉक्सिफेनला वजनवाढीसाठी अनेकदा दोष दिला जातो. परंतु अमेरिकेतील मोठ्या प्रतिबंधक चाचणीत ते घेणाऱ्या आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वजनवाढीत विशेष फरक आढळला नाही. त्यामुळे वजनाच्या भीतीने ही गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते.