नवरीच्या मेकअपचा हिशोब

गटाच्या बैठकीत शेळी, शिलाई मशीन आणि पापडाच्या जोडीला हल्ली एक नवं नाव ऐकू येतं, ते म्हणजे नवरीचा मेकअप. पार्लर शिकलेल्या मुलीला दुकानाचं भाडं आणि डिपॉझिट झेपत नाही. मग पेटी उचलायची आणि लग्नघरी जाऊन काम करायचं. यात दुकान लागत नाही, हे खरं. पण दुकान नाही म्हणून खर्चच नाही, असं धरून चालणाऱ्या बऱ्याच जणी सीझन संपला की रिकाम्या हाताने बसतात. म्हणून आज आम्ही ब्रशपेक्षा हिशोबावर जास्त बोलणार आहोत.

शिकण्याचं थोडक्यात सांगतो. बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, ब्यूटी पार्लरचं साधारण महिनाभराचं प्रशिक्षण मोफत मिळतं. राहण्याजेवण्याची सोयही तिथेच असते. पुढची तुकडी कधी आहे, ते उमेदच्या ताईंना विचारा. शिकून आल्या आल्या नवरी हातात घेऊ नका. आधी करवल्या, मग हळदीचा मेकअप, मग नवरी.

आता पैशाकडे येऊ. समजा नवरीचे ३,००० रुपये ठरले. तोंडाला लागलेलं सामान ६०० रुपयांचं, पापण्या, पिना आणि स्प्रे मिळून २५०, रिक्षा २५०, साडी नेसवायला सोबत नेलेल्या मुलीचे ४००. झाले १,५०० खर्च. शिवाय २०,००० रुपयांची पेटी ४० लग्नं चालली, तर दर लग्नामागे ५०० रुपये पेटीचे धरावेच लागतात. हातात राहिले १,०००. त्यासाठी पहाटे चारला उठून दुपारपर्यंत उभं राहायचं. आणि एवढ्यात नवरीची आई म्हणते, "अगं, या चौघींचंही जरा करून दे, घरच्याच आहेत!" त्या चार करवल्यांमध्ये हजारातलेही पैसे जातात.

म्हणून दर आधीच, तोही सुटा सुटा सांगायचा. नवरीचा इतका, करवलीचा इतका, साडी आणि केसांचा इतका, गावाबाहेर जायचं तर गाडीखर्च वेगळा. तारीख ठरताना निम्मा इसार घ्या आणि डायरीत लिहून समोरच्याची सही घ्या. बाकी पैसे मेकअप झाल्यावर लगेच घ्या, कारण एकदा अक्षता पडल्या की तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. खण-नारळाने ओटी भरून "पैशाचं नंतर बघू" म्हणणारे थोडे नाहीत. ओटी आनंदाने घ्यावी, पण ती मजुरीत धरू नये.

भावकीत पैसे मागायची लाज वाटते, हे आम्हाला कळतं. पण मंडपवाला आणि बँडवाला त्याच घरातून इसार घेतात आणि त्यांना कुणी लोभी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट सीझनची. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मासात थांबतात. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र आषाढातही येतो! म्हणून प्रत्येक लग्नातले थोडे पैसे पावसाळ्यासाठी बाजूला टाका. मधल्या महिन्यांत मंगळागौर, डोहाळजेवण, नवरात्र आणि शाळांची गॅदरिंग असतात. तिथे दर कमी मिळतो, पण तिथे दिसलेल्या कामावरूनच पुढची नवरी येते.

आता कातडीविषयी, कारण एक बिघडलेला चेहरा पाच गावांत पोचतो. लग्नाच्या दोनतीन दिवस आधी सामान कानामागे लावून एक दिवस वाट बघा. खाज किंवा पुरळ आलं, तर ते वापरू नका. लिपस्टिक थेट ओठांना न लावता काडीने काढून घ्या, ब्रश दर लग्नानंतर धुवा. फाउंडेशनचा रंग उजेडात, जबड्याच्या कडेला लावून जुळवा. "पोरगी गोरी दिसली पाहिजे" असा हट्ट घरोघरी असतो. दोन शेड उजळ लावलं की मान सावळी आणि तोंड राखेसारखं दिसतं, फोटोत तर जास्तच. तेव्हा स्पष्ट सांगा की तिचा रंग आहे तोच खुलवणार. आणि बिननावाची गोरं करणारी क्रीम कुणाला देऊ नका. अकोल्यात काही वर्षांपूर्वी एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या वापरत होत्या त्या क्रीममध्ये पारा निघाला.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. मेकअप हे बायकांचंच काम, असं आपण धरून चालतो. पण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे, फक्त केशरचनेचं मिळे. चारू खुराना कोर्टात गेल्या आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडली. जिथे पैसा मोठा होता, तिथे हेच काम पुरुषांचं ठरलं होतं. घरचे "एवढ्याशा कामाचे कसले पैसे" म्हणाले, तर त्यांना हे जरूर सांगा.

एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली, तर दोन्हीकडे धावू नका. गटात हे काम शिकलेली दुसरी असेल तर एक लग्न तिला द्या, आणि इसार कुणी घ्यायचा ते आधी आपसात ठरवून डायरीत लिहा.