दोन एसटीभर गाव आणि दीड मिनिटाची शर्यत

गावाचं नाव बर्ड्सव्हिल. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातला अगदी पश्चिमेचा कोपरा, पलीकडे सिम्पसनचं वाळवंट. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ११०. म्हणजे अख्खं गाव दोन लाल एसटींत मावेल, थोडे उभे राहतील, एवढंच! या गावात १८८२ पासून घोड्यांच्या शर्यती होतात. आपलं महालक्ष्मीचं रेसकोर्स उभं राहिलं १८८३ मध्ये. म्हणजे एवढंशा बर्ड्सव्हिलची शर्यत महालक्ष्मीपेक्षा एका वर्षानं थोरली!

पहिल्या शर्यतीला आसपासच्या गुरांच्या कुरणांचे मालक आणि गुराखी असे दीडशेच्या आसपास जमले. आज सप्टेंबरात शर्यतीच्या दोन दिवसांत सहा-सात हजार माणसं लोटतात. सहा-सात हजार म्हणजे काय मोठंसं, चर्चगेटला एका लोकलमधून उतरतील, असं म्हणाल. थांबा. गावाच्या साठपट पाहुणे आले म्हणायचे! २०११ च्या जनगणनेतलं पुणे शहर घ्या, ३१ लाखांचं. त्याची साठपट धरली तर गणपतीला पुण्यात सगळा महाराष्ट्र उतरेल, मागोमाग सगळा गुजरात, मग गोवा, आणि तरी कोटभर माणसं जागा शोधत फिरत असतील. पार्किंगचं तर बोलूच नका.

बरं, ही माणसं येतात कुठून? ब्रिस्बेनहून रस्त्यानं सुमारे १,६०० किलोमीटर. मुंबई-पुणे पाच वेळा जाऊन-येऊन करा, वर आणखी शंभर किलोमीटर गाडी हाका. दक्षिणेकडून, मारी गावाहून यायचं तर ५१७ किलोमीटरचा कच्चा रस्ता. या मारीच्या वाटेवर पूर्वी उंटांचे तांडे चालायचे. ऑस्ट्रेलियात १८६६ मध्ये शंभरावर उंटांचा मोठा जथा गेला तो कराची बंदरातून, आणि तेव्हाची कराची मुंबई इलाख्यातली! हौशी लोक आता स्वतःचं छोटं विमान घेऊनच येतात. धावपट्टी गावच्या जुन्या हॉटेलासमोरच. विमानं रांगेनं लावायची, पंखाखाली तंबू ठोकायचा, रस्ता ओलांडला की बिअर.

आणि एवढं करून बघायचं काय? मानाचा बर्ड्सव्हिल कप धावतो १,६०० मीटर. १,६०० किलोमीटर यायचं, १,६०० मीटर बघायचं! किलोमीटरमागे एक मीटर! लाल धुळीचा लोट उठतो, दीड-पावणेदोन मिनिटांत खेळ खलास. जाऊन-येऊन ३,२०० किलोमीटर, गाडी लिटरला दहा किलोमीटर देते असं धरलं, तर ३२० लिटर डिझेल. आपल्याकडच्या नव्वद रुपये दरानं जवळपास एकोणतीस हजार रुपये, म्हणजे शर्यतीच्या प्रत्येक सेकंदाला पावणेतीनशेच्या वर!

रिकामपण किती, तेही मोजू. हे गाव ज्या डायमंटिना परगण्यात येतं त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९५ हजार चौरस किलोमीटर. दीड मराठवाडा! माणसं तीनशेच्या आत. वाटणी केली तर दोघांत मिळून अख्खी बृहन्मुंबई येते, वर शंभरेक चौरस किलोमीटर शिल्लक. पाऊस वर्षाला १६५ मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला जुलैत कधीकधी एवढा एका दिवसात कोसळतो. गंमत म्हणजे २०१० ची शर्यत रद्द झाली ती पावसामुळेच.

मग हे गाव पितं काय? इथे श्वास रोखा. गावाच्या बोअरचं पाणी येतं सव्वा किलोमीटर खोलीवरून. पन्नास फुटांच्या ऐंशी विहिरी एकीखाली एक खोदा, तेव्हा तिथे पोहोचाल. वर येतं ते ९८ अंशांवर, पत्ती टाकायचाच अवकाश! त्या उष्णतेवर गावानं वर्षानुवर्षं वीजही केली. ज्या भूगर्भातल्या साठ्यातून हे येतं, तो पसरलाय १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र. त्यात पाणी किती? भूशास्त्रज्ञांचा अंदाज ६५ हजार घन किलोमीटर. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं, काठोकाठ भरलं तर जेमतेम तीन घन किलोमीटर. करा भागाकार. एकवीस हजारांहून जास्त कोयना! रोज एक कोयना रिकामी करायची म्हटली तरी साठ वर्षं पुरावं एवढं पाणी पायाखाली, आणि वर जमलेले सहा हजार जण दोन दिवस पितात बिअर!