स्थानिक स्वराज्याची नोकरी

शाळा सोडण्याची वेळ जवळ आली कीं घरोघर एकच वाक्य ऐकूं येतें : 'मुलाला कोठेंतरी सरकारींत चिकटवा.' हें बोलणाऱ्या वडील मंडळींस सरकार म्हणजे नेमकें कोण अभिप्रेत असतें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषदेच्या शाळेंतील गुरुजी, पालिकेचा कारकून हीं सारीं माणसें गांवाच्या दृष्टीनें 'सरकारी'च. वस्तुतः तलाठी, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे, तो राज्याच्या महसूल खात्याचा नोकर; ग्रामसेवक व गुरुजी जिल्हा परिषदेचे; आणि पालिकेचा कारकून नगरवासीयांनीं निवडून दिलेल्या संस्थेचा. एकाच रस्त्यावर बसणाऱ्या या माणसांचे धनी निराळे आहेत, आणि हा भेद ज्यास उमगला नाहीं त्यास या नोकरींतील गोडीहि कळणार नाहीं व अडचणहि कळणार नाहीं.

आपल्या राज्यांत जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. आज त्या ३४ असून त्यांच्या खालीं तालुक्याला पंचायत समिति व गांवोगांव मिळून २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. शहरांत नगरपरिषदा व महानगरपालिका. १९९२ सालच्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनीं या सर्वांस राज्यघटनेंत स्थान मिळालें. येथें केवळ कारकुनीच आहे असें कोणी समजूं नये. आरोग्यसेविका, कनिष्ठ अभियंता, पशुधन पर्यवेक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, अग्निशामक दलाचा जवान, लेखापाल अशा नाना तऱ्हेच्या जागा या संस्थांत असतात, व मुलींसहि त्यांत मोठा वाव आहे.

आतां या नोकरीचें मर्म पाहूं. स्थानिक स्वराज्यांत ठराव करतात ते निवडून आलेले सभासद. तो ठराव खरा करून दाखवावयाचा तो नोकरानें. या दोहोंत केवढें अंतर असूं शकतें याचें उदाहरण आपल्या कोंकणांतच आहे. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं ठराव करून चवदार तळें सर्वांस खुलें केलें. कागदावर काम संपलें. परंतु स्वतःस वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या विरोधापुढें तो ठराव दप्तरांतच निजून राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस आपल्या अनुयायांसह तळ्यावर चालत जाऊन पाणी प्यावें लागलें. पुढें त्याचा खटला चालला तो १९३७ पर्यंत. हा दोष एकट्या नोकरवर्गाचा नव्हता हें उघड आहे. पण लिहिलेला ठराव आपोआप चालत नाहीं, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

बाहेरून अगदीं क्षुल्लक वाटणारें एक काम घ्या : जन्ममृत्यूची नोंद. गांवीं ती बहुधा ग्रामसेवकच घेतो. १९६९ च्या कायद्याप्रमाणें ही खबर २१ दिवसांच्या आंत द्यावयाची असते. वर्ष उलटून गेलें तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावांचून नोंद होत नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळेंत घालतांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून आतां जन्मदाखलाच चालतो. म्हणजे नोंदवहींत नांवाचें एक अक्षर चुकलें तर तें पोर पुढें हेलपाटे घालीत राहणार. तसेंच, एखाद्या बाईचा नवरा वारला व मृत्यूचा दाखला मिळाला नाहीं, तर बँकेंतील पैसा, विम्याची रक्कम, सातबाऱ्यावरील वारसनोंद, सारेंच अडून बसतें. त्या बाईच्या लेखीं सरकार म्हणजे दिल्ली नव्हे कीं मुंबई नव्हे. ग्रामपंचायतीच्या खोलींत बसलेला तो एक मनुष्य. त्यानें त्याच दिवशीं दाखला हातीं दिला तर तिचे किती दिवस वांचतात याचा हिशेब कोणत्याहि वहींत मांडला जात नाहीं. आमच्या मतें या नोकरीचें खरें वेतन येथें आहे. महिनाअखेरचें वेतन आहेच.

अडचणहि याच ठिकाणीं उगवते. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच व ग्रामसेवक या दोघांच्या सहीनें निघतो. काम अर्धें झालेलें असतां पुऱ्या रकमेवर सही मागणारा मनुष्य परका नसतो. तो रोज चहा पाजणारा असतो, कधीं नात्यांतलाहि असतो. ग्रामसभेंत जें ठरलेंच नाहीं तें इतिवृत्तांत लिहा, असा आग्रहहि होतो. अशा वेळीं चौकशी निघाल्यास 'सरपंचांनीं सांगितलें' हें उत्तर पुरत नाहीं. शिवाय २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें हें दप्तर कोणाहि नागरिकास मागतां येतें. ज्यास गोड बोलून नाहीं म्हणतां येत नाहीं त्यानें हा मार्ग धरूं नये, असें आम्हांस स्पष्ट सांगावेसें वाटतें.

मनापासून काम झालें म्हणजे काय घडतें हें शेजारच्या गुजरातेंत दिसून आलें. सप्टेंबर १९९४ मध्यें सुरत शहरांत प्लेगचा बोभाटा झाला व लाखों लोक शहर सोडून गेले. १९९५ सालीं एस. आर. राव तेथें महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनीं अधिकाऱ्यांस खुर्चीवरून उठवून रोज रस्त्यांवर पाठविलें व विभागांच्या अधिकाऱ्यांस जागच्या जागीं निर्णय करण्याची मुभा दिली. झाडणारे हात बहुतांशीं पूर्वीचेच होते. तरीहि दोन वर्षांच्या आंतबाहेर सुरतेची गणना देशांतील स्वच्छ शहरांत होऊं लागली.

बढतीविषयीं पालक विचारतात. ग्रामसेवकास पुढें विस्तार अधिकाऱ्याची जागा मिळूं शकते. क्वचित् कोणी गटविकास अधिकारीहि होतो. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी व्हावयाचें तर पदवी घेऊन राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी. बढतीची चाल मंद असते आणि बदली चुकत नाहीं. निवृत्तिवेतनाबद्दल जुन्या आठवणींवर विसंबूं नये. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांस जुनी पद्धत सरसकट लागू नाहीं. प्रवेशाच्या अटीहि बदलतात, तेव्हां ऐकीव गोष्टींपेक्षां मूळ जाहिरात वाचावी आणि परीक्षेच्या नांवाखालीं पैसे मागणाऱ्या दलालास दारांतूनच परत लावावें.

वरच्या वर्गांतील मुलांनीं तयारी म्हणून आधीं एक करावें. १५ ऑगस्टच्या सुमारास गांवोगांव ग्रामसभा भरते. मत देण्याचें वय झालेलें नसलें तरी मागें बसून ऐकावें : कोणता प्रश्न निघाला, कोण बोललें, कोण गप्प बसलें, आणि ग्रामसेवकानें त्यांतलें काय लिहून घेतलें.