कमी वर्दळीचा रस्ता तपासायचा कसा?

ठाणे म्हटलं की घोडबंदर रोड आठवतो, डोंबिवली म्हटलं की कल्याण-शीळ रस्ता. आज मात्र आपण आडरस्त्यांबद्दल बोलू. 2015 साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेल्या 27 गावांतले रस्ते घ्या, किंवा मुरबाड-शहापूरकडे पाड्यांपर्यंत जाणारे घ्या. दुचाक्या, रिक्षा, दुधाचा टेम्पो, एसटीच्या दोन-तीन फेऱ्या, एवढीच त्यांच्यावरची वर्दळ.

मग ते खराब का होतात? 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या रस्ता-चाचणीतून दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान साधारण सोळा पट होतं. म्हणजे दुचाक्यांनी रस्ता झिजत नाही. आडरस्त्याचा खरा शत्रू पाणी. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी डांबराखाली मुरलं की मुरूम मऊ पडतो, आणि मग विटांचा किंवा खडीचा एखादा डंपरही रस्ता खचवायला पुरतो.

म्हणून तपासणीची सुरुवात खड्ड्यापासून नाही, कडेपासून करायची. तीही दोनदा: एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात, कारण पाणी कुठे तुंबतं ते पावसातच दिसतं.

आधी गटारं आणि मोऱ्या पाहायच्या. मग साईडपट्टी. तिच्यावर माती-गवत साचून ती रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर पाणी रस्त्यावरच अडतं. मग उतार. पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याचा मध्य कडांपेक्षा साधारण साडेसहा सेंटीमीटर उंच हवा. दोरी ताणून हे मोजता येतं. शेवटी पृष्ठभाग. सुटी, बारीक भेग असेल तर ती डांबराने बुजवून भागतं. पण मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं, तर खालचा थर गेलाय असं समजा. तिथे वरून पॅच मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

नोंद दर शंभर मीटरला करायची. सरासरी फसवते: तीन किलोमीटर रस्ता उत्तम, पण एक मोरी खचलेली, तर रुग्णवाहिका तिथेच अडते. ‘गाडी जाते का?’ हा रकाना वेगळाच ठेवायचा.

आता पैसे कुठे आधी घालायचे? आपल्याकडे सवय अशी की सगळ्यात वाईट रस्ता आधी. आमच्या मते क्रम असा हवा: वाट बंद पाडणारी जागा, मग पाण्याचा निचरा, मग भेगा. पूर्ण गेलेल्या रस्त्यांच्या पुनर्बांधणीसाठी वेगळी तरतूद मागायची. देखभालीच्या पैशांतून ते होत नाही. नाहीतर चांगल्या रस्त्याचं गटार तुंबलेलं राहतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तोही त्याच यादीत येतो.

शेवटची गोष्ट. रस्ता कोणाचा, हे आधी पाहा. शहराच्या हद्दीत महापालिका, बाहेर ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल, तर बांधणीनंतर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. तेव्हा रस्त्याकडेचा फलक वाचा, तारीख पाहा, आणि मुदत संपायच्या आत नोंदींसह अर्ज द्या.