शिष्यवृत्तीवर डोळा ठेवणारी कॉलेजे आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात एक नवाच धंदा सुरू होतो. एस. टी. स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या सेंटरवर इंजिनिअरिंग कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रके घेऊन माणसे उभी राहतात. विज्ञान शाखेचा आपला मुलगा दिसला की ही मंडळी त्याला गुण विचारत नाहीत, गणित आवडते का हेही विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "कास्ट कोणती?" एस. सी. म्हटले की चेहरा खुलतो. "मग काय काळजी! एक रुपया भरायचा नाही. बस आमची. फक्त ओरिजिनल कागदपत्रे देऊन टाक."

गावाच्या विहिरीवर ज्यांच्या आज्याला पाणी मिळत नव्हते, त्यांच्या नातवाची जात ऐकून कोणाचा चेहरा खुलावा हा बदल मोठाच म्हणायचा! परंतु बांधवांनो, हा चेहरा कशाने खुलतो ते नीट समजून घ्या. विनाअनुदानित कॉलेजच्या जागा रिकाम्या असतात. फी भरून येणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी टिकेल की नाही याची खात्री नसते. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्याची फी मात्र सरकार देते. म्हणजे आपला मुलगा त्या शिक्षणसम्राटाच्या हिशोबात सरकारने सही केलेला चार वर्षांचा चेक असतो. मागासवर्गीय शिष्यवृत्तीत संस्थांनी इतका घोळ घातला की दहा वर्षांपूर्वी राज्य सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले होते, हे विसरू नका.

ही शिष्यवृत्ती काही कोणाच्या दयेची नाही. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले होते की, कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे. त्यासाठी देशातल्या संस्थांत शिकणाऱ्यांना वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिकणाऱ्यांना एक लाख रुपये त्यांनी मागितले. धनबादच्या खाणकाम विद्यालयात जागा मागितल्या. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या खटपटीतून. याच काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री म्हणून दामोदर खोऱ्याची योजना आणि वीज व जलमार्गाची मंडळे उभी करीत होते. इंजिनिअर लागणार, आणि त्यात आपली पोरे असली पाहिजेत, हा हिशोब त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी मांडला होता. त्या पैशावर आज कोणाच्या इमारती चढतात?

तेव्हा कॉलेज निवडताना नांदुऱ्याच्या पालकाने आधी रेल्वेचा रूळ डोळ्यांसमोर आणावा. मुंबई-नागपूर मार्गावरचे आपले स्टेशन ही फार मोठी सोय आहे, आणि या एका रुळावर इंजिनिअरिंगचा जवळजवळ सगळा बाजार मांडलेला आहे. पूर्वेला शेगाव आणि बडनेरा. ही दोन्ही कॉलेजे १९८३ची, वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडले त्या वर्षीची. पश्चिमेला मलकापूर, तेही खासगी. खासगी आहे म्हणून वाईट असे आम्ही म्हणणार नाही. शेगावच्या कॉलेजात शिकून आपल्या घरांतली कितीतरी मुले चांगल्या नोकऱ्यांत गेली आहेत. पण याच रुळावर अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९६४चे. जळगावचे शासकीय महाविद्यालय आहे, १९९६चे. रूळ संपतो तिथे नागपूरला व्ही. एन. आय. टी. आहे, जी १९६०ला प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, आणि २०१६ला सुरू झालेले शासकीय महाविद्यालयही आहे. मग आपला मुलगा ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर काय लिहितो? जे जवळ आहे आणि ज्याची बस येते, ते!

शासकीय कॉलेजचा आग्रह आम्ही का धरतो? एक तर तिथली आपली जागा राज्यघटनेने मिळवून दिलेली आहे आणि तिच्यासाठी चुरस आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत आरक्षण टिकवायलासुद्धा केवढी लढाई झाली ते आठवा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात अशा संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असे सांगितले, मग ९३वी घटनादुरुस्ती करावी लागली आणि २००६ला महाराष्ट्राने कायदा केला, तेव्हा कुठे अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागा तिथे शाबूत राहिल्या. दुसरे, शासकीय कॉलेजात प्रयोगशाळा जुन्या का असेनात, त्या असतात. आणि नोकरी देणारी कंपनी आधी तिथे जाते. तिसरे कारण आमच्या मते सर्वांत मोठे आहे. घरून अप-डाऊन करणाऱ्या मुलाचा दिवस पॅसेंजर गाडीच्या वेळापत्रकाने बांधला जातो. संध्याकाळची लायब्ररी त्याची नाही, वसतिगृहातला रात्रीचा अभ्यास त्याचा नाही, सिनिअरच्या ओळखी त्याच्या नाहीत. त्यातून कापूस वेचणीचे दिवस आले की घर त्याला शेतात ओढते.

"पण साहेब, अमरावतीचा, पुण्याचा खर्च?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर कागदावर तरी आहे. समाजकल्याणचे शासकीय वसतिगृह मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आणि वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलाला मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार आणि अमरावतीसारख्या शहरात ५१ हजार रुपये मिळतात. हे पैसे वेळेवर येत नाहीत, कधी कधी वर्ष उलटून जाते, हेही तितकेच खरे. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची सोय घराने आधी करून ठेवावी. लग्नात दोन जेवणावळी कमी घाला, त्यात ती होते.

फीचे आणखी एक सांगितले पाहिजे. पालकाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, आणि त्याहून जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत, म्हणजे फ्रीशिप. नोकरदार बापाच्या मुलाला काहीच मिळत नाही ही समजूत चुकीची आहे. पण या दोन्हींसाठी प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला असला पाहिजे. एजंटने "कशाला त्या फेऱ्यांच्या भानगडीत पडता, डायरेक्ट सीट देतो" म्हटले आणि व्यवस्थापन कोट्यातून नाव घातले, तर फी आपल्या खिशातून. आता केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. ते पैसे फीचे आहेत. त्यातून घरावर पत्रे टाकले की कॉलेज निकाल अडवून बसते आणि मुलाची मान खाली जाते. आणि नापास होऊन त्याच वर्गात पुन्हा बसावे लागले, तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळत नाही.

कॅपचा ऑप्शन फॉर्म हे खरे हत्यार आहे, आणि तेच आपण सेंटरवाल्याच्या हाती देतो. मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या सी. ई. टी. सेलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात जी. एस. सी. एच., जी. एस. सी. ओ., जी. एस. सी. एस. अशी अक्षरे दिसतील. जी म्हणजे सर्वसाधारण, मुलींच्या राखीव जागांपुढे एल असतो. शेवटचे अक्षर एच असेल तर घरच्या विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्य पातळीची. नांदुऱ्याचा मुलगा अमरावती विद्यापीठाचा. म्हणून दुसऱ्या विद्यापीठाचे कॉलेज जवळ असले तरी घरच्या विद्यापीठाच्या जागांत तो तिथे बसत नाही. कोणत्या कॉलेजच्या कोणत्या ओळीत आपला मुलगा बसतो ते ओळखून पर्सेंटाइल ताडून पाहावे. एवढे घरातल्या शिकलेल्या माणसाने दोन संध्याकाळी बसून केले तर एजंटचे दुकान बंद होईल. पुण्याचे सी. ओ. ई. पी. (१८५४), मुंबईचे व्ही. जे. टी. आय. (१८८७), नांदेडचे एस. जी. जी. एस. (१९८१) ही नावे "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून गाळू नका. भरायला पैसे लागत नाहीत, आणि पर्यायही शेकड्यांनी भरता येतात. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत बसवाल्या कॉलेजचे नाव टाकणे म्हणजे आपणच आपले दार लावून घेणे.

२० मार्चला महाडला जाणाऱ्या आपल्या किती जणांना ठाऊक असते की रायगड जिल्ह्यातच लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि तिथे इंजिनिअरिंग शिकवतात? तसेच जे. ई. ई. मेनचे. तो फॉर्म आपल्या घरांत भरलाच जात नाही. वास्तविक २०२१ पासून ती परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि नागपूरच्या व्ही. एन. आय. टी.त निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात.

शाखेचा प्रश्न उरतो. सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. आमचे मत असे की, रिकाम्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा शासकीय कॉलेजातले इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल केव्हाही चांगले. नांदुऱ्याहून अकोल्याला जाताना पारसचे वीज केंद्र लागते, उलट दिशेला भुसावळजवळ दीपनगरचे. महावितरण, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे ही खाती अजून भरती करतात. कंत्राटीकरणाने ती जागा कमी करीत आहेत, त्याविरुद्ध लढायचेच आहे, पण जी जाहिरात निघते तिला अर्ज करायला आपल्याकडे पदवीधर इंजिनिअर असला पाहिजे. दहावीनंतर खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ती बरीच मानवते, कारण बारावीचा घाटच टळतो.

आणि खासगीच कॉलेज घ्यावे लागले तर? मग ते स्वतः जाऊन पाहा. मुलाची शाखा एन. बी. ए.ने मानांकित केली आहे का ते विचारा. मानांकन शाखेला मिळते, कॉलेजला नाही, त्यामुळे फाटकावरची पाटी पुरेशी नाही. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात किती मुले बसली आहेत ते मोजा. आपल्या समाजाचा एखादा विद्यार्थी कँटीनमध्ये गाठून विचारा, शिष्यवृत्ती आली नाही म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत असे घडते का? मूळ कागदपत्रे ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही. पडताळून परत घ्यायची.

मुलींच्या बाबतीत आपली घरेही मागे आहेत. मुलाला पुण्याला पाठवणारा बाप त्याच गुणांच्या मुलीला "शेगावच बरे, घरून जाईल-येईल" म्हणतो. फी तिचीही माफ आहे, जागा तिच्या नावाची वेगळी राखलेली आहे, मुलींची वसतिगृहे आहेत. सावित्रीबाईंचा फोटो भिंतीवर लावून हे चालणार नाही.

या सगळ्याच्या आधी जात पडताळणी. बुलढाण्याच्या समितीकडे अर्ज मुलगा अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत गेला पाहिजे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" लिहिले आहे, त्यांनी आज्याच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल आताच काढून ठेवावी. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण पूर्वीची जात सिद्ध करणारा कागद नसेल तर खिडकीवरचा बाबू त्या दुरुस्तीकडे ढुंकूनही पाहत नाही.

नांदुऱ्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या विहारांना आमची विनंती आहे. वर्षावासाच्या कार्यक्रमांची आखणी होते तेव्हाच जूनमधला एक रविवार राखून ठेवा. अमरावतीला, नागपूरला, शेगावला शिकत असलेली आपली मुले सुट्टीत गावी आलेली असतात. त्यांना बोलवा, एक लॅपटॉप आणा, कट-ऑफची यादी भिंतीवर लावा आणि बारावी झालेल्या प्रत्येक मुलाचा, मुलीचा ऑप्शन फॉर्म तिथे बसून तयार करा.