सुक्या माशीची पारख

मासा आणि माशी या दोन शब्दांत आपल्या भाषेने थोडेच अंतर ठेवले आहे. गळाच्या शौकिनांनी तेही जवळजवळ मिटवून टाकले. बारीक गळाच्या दांडीवर रेशीम, लोकर आणि कोंबड्याचे पीस गुंडाळून अशी माशी करावयाची, की ती पाण्यावर तरंगावी आणि खालच्या माशाला खरी वाटावी. हीच ‘सुकी माशी’. १८८६ साली इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्ड याने या विद्येवर ग्रंथ लिहिला आणि तिला शास्त्राची प्रतिष्ठा आली.

बरकतपुऱ्यात हा नाद कोणास कसा लागावा, असे वाचकांस वाटेल. ज्याच्यासाठी ही माशी, तो ट्राउट थंड पाण्याचा. उस्मानसागर-हिमायतसागराच्या उन्हाळी पाण्यात तो जगावयाचा नाही. त्यातून आमच्या घरी मासळीचे नावही मोठ्याने काढीत नाहीत! तेव्हा मी माशा बांधतो आणि काचेच्या वाडग्यात सोडून पाहतो. मौज तेवढ्यातही आहे.

सारी मदार पिसावर. कोंबड्याच्या मानेवरचे पीस दांडीभोवती फिरविले की त्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे उभे राहतात, आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्यावर तोलली जाते. तंतू गळाच्या तोंडाच्या साधारण दीडपट लांब असावेत. कोंबडीचे पीस मऊ; ते पाणी पिते आणि बुडते. पारख सोपी आहे : पीस वाकवून तंतू ओठाला लावावेत, टोचले तर पीस चांगले.

१९२२ साली अमेरिकेत मिशिगन प्रांती लेनर्ड हॅलडे याने ‘अ‍ॅडम्स’ नावाची माशी बांधली. तिची मी दोन रूपे ताडून पाहतो. जुन्या रूपात पीस दांडीभोवती उभे. दुसऱ्यात ते पंखाच्या बुडाशी आडवे, छत्रीसारखे. वीतभर उंचीवरून सोडली तर छत्रीवाली बहुधा सरळ बसते, जुनी कधी कुशीवर कलंडते. पण वाडग्याच्या बुडाखालून पाहिले, तर जुनीच्या तंतूंनी पाण्यावर पाडलेल्या खळ्या चांदण्यांसारख्या चमकतात. दिसायला जुनी देखणी, कामाला नवी. माझे मत नवीला.

अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबडे जोपासण्याचा धंदा १९७० च्या सुमारास वाढीस लागला. त्याआधी विलायती कारागीर आपल्याकडून जाणाऱ्या गावठी कोंबड्यांच्या मानांवरच मोठी भिस्त ठेवीत. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांची पिसे तर सामन माशाच्या माशांसाठी फार नावाजलेली. त्या पक्ष्याला आता कायद्याचे संरक्षण आहे, हे योग्यच झाले.

गावठी कोंबडा मात्र कायद्याविनाच दुर्मिळ होत चालला आहे. बाजारातला ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांतच सुरीखाली जातो. मानेवर कामाचे पीस धरावयास वर्षभराचे वय लागते. म्हणून गावाकडच्या ओळखीच्यांना सांगून ठेवले आहे : जुना तांबडा कोंबडा कापलात तर मान माझ्यासाठी ठेवा. ती घरात कोणत्या दाराने आणावयाची, याची बोलणी अजून चालू आहेत.